कागदाचा रंग आणि कॅमेऱ्याचा अंदाज

जुना, पिवळट पडलेला मोडी कागद टेबलावर ठेवायचा आणि छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने ऑटोवर फोटो काढायचा. चौकट कागदानेच भरली असेल तर पडद्यावर तो राखाडी उमटतो. त्याच कागदाभोवती काळं कापड अंथरून पुन्हा फोटो काढला, की तो पांढराफटक होतो आणि बोरूने काढलेली बारीक वळणं उडून जातात. कागद तोच, खिडकीतून येणारा उजेड तोच, बटण दाबणारा हातही तोच. फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या अंदाजाने. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात राहणाऱ्या एका जुन्या छायाचित्रकाराने दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून हा अंदाज समजून घेण्याचं आणि वेळ पडेल तिथे तो मोडून काढण्याचं काम अंगावर घेतलं आहे. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांनी १८१० साली फौजेची छावणी टाकली. ती छावणी पुढे हललीच नाही, तिचं शहर झालं, तेच हे लष्कर. शिंद्यांबरोबर सरदार आले, तसे कारकून, भिक्षुक, कीर्तनकार, वैद्य आणि गवईही आले. त्यांच्या वंशजांच्या घरांत अजून पत्र्याच्या ट्रंका आहेत. ट्रंकेत काय असतं? जमिनीच्या सनदा, देण्याघेण्याचे कागद, लग्नाच्या याद्या, औषधांच्या नोंदी, जन्मपत्रिका, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा झिजलेले फोटो. मोठ्या माणसांची कागदपत्रं कुठे ना कुठे छापली गेली आहेत. रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेले महादजी शिंद्यांविषयीचे ऐतिहासिक कागद १९३७ साली ग्वाल्हेरातूनच प्रसिद्ध झाले. लहान माणसांच्या ट्रंकेला मात्र संपादक मिळत नाही. घर विकलं जातं, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात आणि ट्रंक माळ्यावरून खाली येते ती थेट रद्दीवाल्याकडे. त्याआधी तिथे पोचायचं, एवढाच अण्णांचा खटाटोप.

त्यासाठी त्यांनी निवडलेला कॅमेरा पाहून नवख्या माणसाला नवल वाटतं. कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस, २००८ सालचं मॉडेल. ८ मेगापिक्सेल, चारपट ऑप्टिकल झूम आणि घड्याळात घालतात तसे दोन पेन्सिल सेल. खिशात मावतो, पण वरच्या चकतीवर पी, टीव्ही, एव्ही, एम ही चारही अक्षरं आहेत. म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा आणि छिद्र किती उघडायचं, हे माणसाला स्वतः ठरवता येतं. त्या काळच्या स्वस्त, चपट्या कॅमेऱ्यांपैकी बऱ्याचशांत ही सोय नव्हती. त्यांत देखावा, मेजवानी, फटाके, बर्फ असली तयार चित्रं असत आणि आत काय चाललं आहे ते कळायला मार्ग नसे. अण्णांचं मत ठाम आहे. छोटा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल शेवटी विचारावेत. आधी चकतीवर एम आहे का ते बघावं.

आता त्या राखाडी कागदाकडे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, आणि त्या हिशेबाने आकडे ठरवतो. बाजारातल्या गर्दीचा फोटो या हिशेबात चपखल बसतो, कारण तिथे काळं-पांढरं सगळं मिसळलेलं असतं. चौकटभर कागद आला की मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळं कापड आलं की उलट. उपाय बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत दिलेला असतो. अधिक-उणे अशी खूण असलेलं एक बटण असतं. कागदासाठी ते अधिक दोन-तृतीयांशावर, कधी अधिक एकवर न्यायचं. हळदीकुंकवाला नेसलेल्या काळ्या चंद्रकळेचा फोटो काढायचा तर उणेकडे. एवढं एक बटण कळलं तरी घरातले निम्मे फोटो सुधारतात, असं अण्णा शेजारच्या पोरांना सांगत असतात.

पण एका कागदाला हे चालतं, गठ्ठ्याला चालत नाही. गठ्ठ्यात एक पान कोरं-कोरं असतं, दुसरं मजकुराने खचाखच भरलेलं, तिसऱ्यावर तेलाचा डाग. ऑटोवर प्रत्येक पानाचा उजेड वेगळा, प्रत्येकाचा रंग वेगळा. पुढे कुणी अभ्यासक ती पानं एकामागून एक लावून बघू लागला, तर हा कागद जुना आहे म्हणून पिवळा, की कॅमेऱ्याने पिवळा केला, हे त्याला सांगता येणार नाही. एकाच बैठकीतला कागद की दोन वेगळ्या, शाई मध्येच बदलली आहे का, असे प्रश्न रंगावरच सुटतात. म्हणून अण्णांची चकती एमवर असते आणि एका घरातला सगळा गठ्ठा एकाच आकड्यांवर निघतो. आयएसओ ८०, छिद्र एफ ४, वेळ एकदशांश सेकंद. दिवे तेच, अंतर तेच. पहिल्या पानाला पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख (हिस्टोग्राम) बघून आकडे ठरले की शेवटच्या पानापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यात कोरं पान कोरं दिसतं आणि मळकं पान मळकं. नोंदीच्या कामात हीच मोठी गोष्ट आहे असं त्यांना वाटतं, आणि छोट्या कॅमेऱ्याकडून ती करून घेता येते याचा त्यांना मनापासून आनंद आहे.

रंगाचंही तसंच. ऑटोवर कॅमेरा चौकटीतल्या रंगांवरून उजेडाचा रंग ताडतो. पिवळट कागद चौकटभर आला की त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, मग तो पिवळेपणा काढून टाकतो आणि शंभर वर्षांचा कागद कालच्या रिमातला वाटू लागतो. म्हणून व्हाइट बॅलन्सच्या यादीतला शेवटचा पर्याय, कस्टम, वापरायचा. दिव्याखाली एक स्वच्छ कोरा कागद ठेवून कॅमेऱ्याला दाखवायचा, की पुढचं सगळं त्या मापाने. या कामाला चकचकीत पांढराशुभ्र छपाईचा कागद नको, कारण त्याला निळसर चमक आणणारी द्रव्यं लावलेली असतात. अण्णा चित्रकलेच्या दुकानातून राखाडी कार्ड आणतात आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या फोटोत ते कार्ड आणि मोजपट्टी कागदाशेजारी ठेवतात.

उभ्या स्टँडची गोष्ट तर खास त्यांच्या धंद्यातली आहे. रोल धुण्याचे दिवस संपले तेव्हा दुकानातला एन्लार्जर अडगळीत गेला. ज्यांनी डार्करूम पाहिली आहे त्यांना तो आठवेल. जाड लाकडी फळी, तिच्यावर उभा लोखंडी खांब, आणि खांबावर वर-खाली सरकणारं डोकं, त्यात निगेटिव्ह. खाली कागदावर प्रकाश टाकून फोटो मोठा करायचं हे यंत्र. अण्णांनी त्याचं डोकं काढलं आणि त्या जागी पाव इंची स्क्रूची पट्टी बसवली. जगातल्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांच्या पोटाला याच मापाचं भोक असतं, त्यामुळे काही नवीन घडवावं लागलं नाही. ज्या खांबावरून पूर्वी प्रकाश खाली कागदावर पडायचा, त्याच खांबावरून आता कागदाचा प्रकाश वर कॅमेऱ्यात जातो.

कॅमेरा फळीला अगदी समांतर आहे की नाही, हे बघण्याची त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. फळीच्या मधोमध ते दाढीचा चौकोनी आरसा आडवा ठेवतात आणि मागच्या पडद्यात बघतात. आरशात कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब दिसतं. भिंगाचा काळा डोळा पडद्याच्या बरोबर मध्यावर आला तर कॅमेरा सरळ. जरा डावीकडे सरकलेला दिसला तर पट्टीखाली सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा सारायचा. स्पिरिट लेव्हल लागत नाही, फळी तिरकी असली तरी बिघडत नाही. मग आरसा उचलायचा, कागद ठेवायचा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर एलईडी दिवे लावायचे आणि घरातल्यांना विनंती करायची.

“आजी, पंखा थोडा वेळ बंद करू का? कागद हलतो.”

“करा हो अण्णा, पण मे महिना आहे, तुम्हीच घामाघूम व्हाल.”

पंखा बंद होतो. दारावरचा पडदा ओढला जातो, कारण बाहेरून रिक्षा गेली तरी भिंतीवरचा उजेड बदलतो. फ्लॅश बंद असतो. तो भिंगाच्या शेजारीच असल्याने कागदाच्या मध्ये पांढरा डाग पाडतो. प्रतिमा स्थिर ठेवणारी आयएस सोय हातात धरताना फार कामाची, पण पक्क्या स्टँडवर तिची गरज नसते आणि कधी ती उगाच हालचाल शोधत बसते, म्हणून तीही बंद. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर. बोटाने बटण दाबलं की खांब किंचित थरथरतो, दोन सेकंदांत तो शांत होतो आणि मग फोटो निघतो. एकदशांश सेकंदाच्या सावकाश वेळेचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडची वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. फार जलद शटरमध्ये त्यातला एखादाच क्षण सापडतो आणि पानागणिक उजेड बदलतो. एकदशांश सेकंदात दहा वेळा उजळणं-मंदावणं होऊन जातं, सरासरी सारखी राहते.

छिद्र एफ ४वरच का? जुन्या कॅमेऱ्यांवर वाढलेली माणसं इथे हमखास वाद घालतात. फिल्मच्या काळात बारीक टिपण हवं असलं की छिद्र बारीक करायचं, एफ ८, एफ ११, हे अंगवळणी पडलेलं. या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र ५.७६ गुणिले ४.२९ मिलिमीटर आहे. जेमतेम २५ चौरस मिलिमीटर. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे सुमारे पस्तीसपट. एवढ्याशा जागेत ८० लाख पिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पावणेदोन पट उरतो. प्रकाशाला मात्र या दाटीशी देणंघेणं नाही. तो बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि एफ ८वर एका बिंदूचा ठिपका सुमारे सहा पिक्सेल रुंद होतो. मोडीतली केसासारखी रेघ तिथेच पुसट होते. एफ ४वर तो ठिपका निम्मा. शिवाय भिंग इतकं आखूड, ५.८ ते २३.२ मिलिमीटर, की एफ ४वरसुद्धा कागदाची चुरगळलेली घडी आणि सपाट भाग दोन्ही एकदम स्पष्ट येतात. मोठ्या कॅमेऱ्यात तेवढ्या खोलीसाठी छिद्र कितीतरी बारीक करावं लागलं असतं. लहान सेन्सरला लोक नावं ठेवतात, पण या एका बाबतीत तो कामाला आला आहे.

तोच सेन्सर अंधारात हात टेकतो. आयएसओ वाढवणं म्हणजे सेन्सरची जात बदलणं नव्हे. आलेला थोडासा संकेत मोठा करायचा, त्याबरोबर खरखरही मोठी होते. ए५९०मध्ये आकडा १६००पर्यंत जातो. ४००च्या पुढे मात्र कॅमेरा ती खरखर दडपू लागतो आणि दडपताना कागदाचा पोत, केस, शालीचं विणकाम सगळं मेणासारखं गुळगुळीत करतो. कागदपत्रांसाठी ८० सोडून दुसरा आकडा अण्णा वापरत नाहीत. उजेड कमी पडला तर वेळ वाढवतात. कागद कुठे पळून जात नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब ते कागदावरच करून दाखवतात. लांब बाजू ३२६४ पिक्सेल. फुलस्केप कागद साडेतेरा इंच. भागाकार केला की इंचाला २४० पिक्सेल येतात, कडेला मोजपट्टी ठेवली तर २२०च्या आसपास. वाचायला पुरेसं, छापायला जरा तोकडं. लांब कागद असेल तर तो तुकड्यांत काढायचा आणि प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्याच्या दोन-तीन ओळी पुन्हा घ्यायच्या. झूम मध्यावर ठेवायचा, कारण अगदी रुंद बाजूला भिंग सरळ कडा फुगवतं आणि कागद पिंपासारखा दिसतो. डिजिटल झूमचा पर्याय मेन्यूतूनच बंद. तो फक्त मधला भाग कापून फुगवतो. दुप्पट डिजिटल झूम केला की ८ मेगापिक्सेलमधले २ उरतात.

खासगी बाजारातल्या एका घरी लग्नाच्या यादीवर कुंकू सांडलेलं होतं. कुंकवाच्या लालीखाली चार-पाच ओळी होत्या, डोळ्यांना त्या दिसतच नव्हत्या. अण्णांनी नेहमीसारखा फोटो काढला आणि संध्याकाळी संगणकावर जिम्प या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन करडे फोटो एकावर एक. १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. निम्म्या पिक्सेलांवर हिरवी काच, पाव पिक्सेलांवर लाल, उरलेल्या पावावर निळी. अण्णांनी हिरवा आणि निळा थर बाजूला काढला आणि नुसता लाल थर ठेवला. लाल काचेतून लाल कुंकू पांढरं दिसतं. काजळाची शाई मात्र कुठल्याही काचेतून काळीच. पडद्यावर कुंकू नाहीसं झालं आणि अक्षरं वर आली. आहेराची यादी होती. कुणाचं लुगडं, कुणाची शेला-पागोटी, कुणाचे रोख रुपये. घरातल्या आजींनी त्यातली दोन आडनावं ओळखली. पाण्याचे तपकिरी डागही याच रीतीने बरेच फिके होतात.

मोडी अण्णांना सफाईने वाचता येत नाही. फोटो ते पुण्याला मोडीच्या जाणकारांकडे पाठवतात. तिथून सूचना येतात, त्यांवर सेटिंग बदलतं. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शक्यतो बोरू न उचलता. त्यामुळे एका अक्षराची शेपटी पुढच्यात कशी गेली, तिथे शाई दाट की विरळ, यावर वाचन अवलंबून असतं. जेपेगची दाबणी जास्त केली की नेमका तिथे, काळ्या रेघेच्या कडेला, किड्यांसारखे ठिपके उठतात. म्हणून दर्जाच्या यादीत सगळ्यात वरचा, सुपरफाइन. फाइल तीन-साडेतीन एमबीची होते. आजच्या कार्डांना ते ओझं काहीच नाही.

फोटोंचे फोटो काढणं हे आणखी नाजूक काम. जुन्या छापांवर चांदीची निळसर साय येते आणि एका बाजूने उजेड पडला की अख्खा चेहरा आरशासारखा चमकतो. अण्णा तेव्हा कॅमेऱ्याच्या पुढे काळा पुठ्ठा लावतात, त्याला फक्त भिंगापुरतं भोक, म्हणजे कॅमेऱ्याच्या चंदेरी कडेचं प्रतिबिंब छापावर पडत नाही. फोटो चौकटीच्या काचेला चिकटलेला असेल तर तो सोडवायचा प्रयत्न कधीच करायचा नाही, चेहरा काचेबरोबर निघून येतो. काचेसकट घ्यायचा. ग्वाल्हेरला चांगल्या छायाचित्रणाची परंपरा आहे. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असलेले दीनदयाळ १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतात हिंडले, किल्ल्यावरची देवळं आणि महाल त्यांनी काचेच्या मोठ्या निगेटिव्हवर टिपले, आणि १८८६ साली ग्रिफिन यांच्या ग्रंथात ती चित्रं प्रसिद्ध झाली. त्या चित्रांतल्या दगडाचा कण अन् कण आज दिसतो. अण्णा तो ग्रंथ संगणकावर मोठा करून बघतात आणि पोरांना दाखवतात. तिपाई, सावकाश वेळ आणि नेमका प्रहर, एवढ्याच गोष्टी तेव्हाही होत्या.

प्रहराचं म्हणाल तर किल्ला लष्कराच्या उत्तरेला आहे. गच्चीवरून त्याची दक्षिणेकडची बाजू दिसते. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा तटावर दिवसभर तिरपं ऊन पडतं आणि दगडांच्या खाचा उठून दिसतात. भर उन्हाळ्यात दुपारी ऊन डोक्यावर, वर धुळीचा पडदा, आणि झूम कितीही लावला तरी तट पाणचट येतो. हे कुठल्याच मेन्यूत नाही.

मैफलीत मात्र स्टँड नाही, दिवे नाहीत. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली याच शहरात शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ साली भातखंड्यांच्या आखणीतून माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, आणि घराघरांत गाणं मुरलं. गुरुपौर्णिमेला कुणाकडे बैठक असली की अण्णांना बोलावणं येतं. जाण्याआधी ते मेन्यूत चार गोष्टी करतात. बटणांचे आवाज बंद, फ्लॅश बंद, फोकससाठी समोर लागणारा दिवा बंद, पडद्याचा उजेड कमी. गाणाऱ्याच्या तोंडावर अचानक प्रकाश पडला तर तान मोडते. मग आयएसओ नाइलाजाने ४००, झूम अगदी रुंद बाजूला, कारण तिथेच छिद्र एफ २.६पर्यंत उघडतं. चारपट झूम केला की ते ५.५वर येतं, उजेड चौथाईहूनही कमी. म्हणून जवळ बसायचं. एवढं करूनही शटर एक-तीसांश सेकंदाच्या वर जात नाही आणि गवयाचा हात हवेत फिरत असतो.

इथे अण्णांचे कान कामाला येतात. बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवायचा, म्हणजे पुढचा विलंब फार थोडा राहतो. विलंबित ख्यालात समेकडे येताना हात वर जातो, समेवर येऊन क्षणभर थांबतो. तो थांबा एक-तीसांश सेकंदाला पुरतो. ठेका मोजत, समेच्या किंचित आधी बोट पुरं दाबायचं. चेहराही तेव्हाच खुलतो, तबलजी हसून मान हलवतो. ज्याला सम कळत नाही त्याच्या फोटोत हाताच्या जागी धुरकट पट्टा येतो, कॅमेरा कितीही भारी असो.

सेलचं प्रकरण बारीक आहे पण नेमका तिथेच खोळंबा होतो. दुकानातले साधे अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे, तरी भिंग बाहेर येताना आणि फ्लॅश भरताना जो एकदम जोराचा प्रवाह लागतो तो त्यांना झेपत नाही, थोड्या वेळात कॅमेरा सेल संपल्याचं सांगतो. तेच सेल घड्याळात पुढे महिनोन्महिने चालतात. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच, पण तो प्रवाह देतात. तसे दोन संच बरोबर असले की वीज गेली तरी काम अडत नाही. आतमध्ये तारखेसाठी बटणाएवढा आणखी एक सेल असतो. तो मेला की मोठे सेल बदलताना तारीख पुसली जाते आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर भलताच दिवस नोंदला जातो. म्हणून घरात शिरल्यावर पहिलं काम तारीख-वेळ तपासण्याचं. मेन्यूत फाइल क्रमांक सतत चालू ठेवण्याचाही पर्याय आहे. तो नसेल तर रिकामं कार्ड घातलं की पुन्हा १पासून सुरुवात होते आणि दोन घरांची पानं एकाच नावाने एकमेकांवर चढतात.

दर वेळी कुणीतरी विचारतंच. “अण्णा, फोनने नाही का होत हे?”

बरंच होतं, असं ते सरळ सांगतात. रात्री गल्लीतली गणपतीची आरती काढायची तर फोनच घ्यावा. फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, अंधार उजळतो. छोट्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. पण फोन प्रत्येक पानागणिक स्वतः ठरवतो, रेघा तासतो, सावल्या उचलतो. शंभर पानं सारखी हवीत म्हटलं की हा शहाणपणा आड येतो. वेगळं ॲप घालून, सगळे स्वयंचलित पर्याय बंद करून फोनही स्टँडवर लावता येतो, आणि कुणाकडे तेवढाच असेल तर अण्णा त्यालाही आरशाची रीत शिकवतात.

२०१० साली कॅमेरा कंपन्यांनी जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांतले बहुतेक छोटे. २०२३पर्यंत सगळे मिळून ७७ लाखांवर आले. कॅसिओने १९९५ साली मागे पडदा असलेला क्यूव्ही-१० काढून या छोट्या कॅमेऱ्यांची वाट पाडली, तीच कॅसिओ २०१८ साली या बाजारातून बाहेर पडली. त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत. अण्णांकडे त्याच मॉडेलचे आणखी दोन बंद पडलेले कॅमेरे आहेत, एक पडद्यासाठी, दुसरा सेलच्या झाकणासाठी. गेल्या काही वर्षांत तरुण मुलांना या जुन्या कॅमेऱ्यांची पुन्हा ओढ लागली आहे. त्यांना पार्टीतला कडक फ्लॅश आणि ते रंग आवडतात. गल्लीतली पुण्याला शिकणारी एक मुलगी सुट्टीत आली आणि घरातल्या कपाटातून असाच एक कॅमेरा शोधून अण्णांकडे घेऊन गेली. तिला फ्लॅशचे फोटो हवे होते. अण्णांनी ते शिकवलं, आणि मग चकती एमवर फिरवून तिच्यासमोर आरसा ठेवला.

आता ती सुट्टीत आली की कागद उलटायचं काम तिचं असतं. नखं कापलेली, हात धुऊन कोरडे केलेले, बांगड्या काढलेल्या. पान दोन्ही हातांनी खालून उचलायचं, कोपऱ्यात धरून ओढायचं नाही. फोटो निघाला की पडद्यावर मोठा करून मध्यभाग आणि चारही कोपरे बघायचे, मगच पुढचं पान. घरच्यांना पेनड्राइव्हवर एक प्रत, एक अण्णांच्या हार्ड डिस्कवर, एक तिच्या लॅपटॉपवर. मूळ कागद घरच्यांच्या समोर पुन्हा त्याच क्रमाने ट्रंकेत जातात, खाली कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. सध्या एका वैद्याच्या घरातल्या औषधांच्या वह्या चालू आहेत. त्या शिवलेल्या असल्याने सपाट पडत नाहीत, उजवी पानं सगळी आधी आणि डावी सगळी नंतर असं ठरलं आहे, म्हणजे स्टँडची उंची एकदाच बदलावी लागेल.